खरं

बेळगावात 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याच्या डेस्कला हे समजेपर्यंत
माझी सायकल जाऊन लुना आली होती.

पहिल्याच वर्षी, खानापूरच्या सभेची बातमी
स्टँडासमोरच्या बूथवरून ओरडून सांगितली:
"आमदार आले, खरं बोलले नाहीत."
तशीच छापली.
सकाळी दारात चार पोरं.
साहेबांना खोटं पाडालास काय?
म्हटलं, घसा बसला होता रे त्यांचा.
आले, खरं बोलले नाहीत. बस्स.
पोरं इथलीच. हसली. चहा प्याली.
जाताना सायकलची हवा तेवढी सोडली,
रिकाम्या हाती परत कसं जायचं म्हणून.

मग डेस्कनं नियमच केला,
बेळगावच्या कॉपीतलं खरं काढायचं.
छत्तीस वर्षं काढलं.
कुणाच्या मनात वाईट नव्हतं.

गुरुपादप्पा मेळवंकी हुबळीच्या पेपरचा.
स्कूटर त्याची, पेट्रोल माझं.
एक नोव्हेंबरला शहरात दोन मिरवणुका,
एक लाल-पिवळी, एक काळी,
आणि आम्ही दोघं बंद दुकानाच्या पायरीवर
गुडघ्याला गुडघा लावून मोजत बसलेलो.
तो ओळी मोजायचा, मी ओळीतली डोकी.
मध्येच कुणी फुटाणे घ्यायला बाहेर पडला
तर दोघंही एकदम म्हणायचो, एक वजा.

नंतर एकाच बूथवर पाळीपाळीनं फोन.
काळ्या मिरवणुकीला तो सांगायचा, पाचशे.
मी सांगायचो, पंचवीस हजार.
लाल-पिवळीला आकडे जागा बदलायचे.
मोजलेला आकडा त्याच्या विम्याच्या डायरीत,
पेन्सिलीनं. चार हजार तीनशे दहा.
कशाला लिहितोस, म्हटलं एकदा.
यारादरू केळतारं, म्हणाला. विचारंल की कोणीतरी.

'सीमाप्रश्न निर्णायक वळणावर'
हा मथळा माझ्या नावावर अकरा वेळा आहे.
इतकी वळणं घेतली असती तर
निपाणीहून निघालेला माणूस
निपाणीलाच पोचला असता.
तसे पोचलेले पाहिलेत मी.
मोर्चात ज्यांचं डोकं फुटलेलं,
त्यांचीच पोरं पुढं पोस्टर लावायच्या ठेक्यावर,
दोन्ही भाषांत, चौरस फुटाच्या दरानं.
हे लिहिलं होतं. 'जागेअभावी' राहिलं.

एकदा कॉलेज रोडला लाठी बसली, उजव्या मनगटावर.
महिनाभर मी सांगितलं ते गुरुपादप्पानं लिहिलं,
त्याच्या गोल गोल मराठी अक्षरांत,
पंचवीस हजारसुद्धा, पापणी न हलवता.
फक्त एकदा थांबून म्हणाला,
हे जरा जास्त होतंय, खरं तुझी मर्जी.

हलग्याला सौध झाल्यावर पास गळ्यात आले,
कॅन्टीनची इडली आली, मोजायचं थांबलं.
आकडे आता व्हॉट्सअॅपवर येतात,
मोर्चा निघायच्या आधी.
निवृत्तीला मला शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
नात बेंगळुरूहून फोनवर अज्जा म्हणते.
ऐकतो. गोड वाटतं. कुणाला सांगत नाही.

गुरुपादप्पा गेल्या मंगळवारी गेला.
त्यांच्यात बसवून पुरतात.
विभूती लावून, पाठ ताठ,
जणू मंत्र्यांची वाट बघत पहिल्या रांगेत.
लोक माती टाकत होते
आणि माझे ओठ आपोआप हलत होते.
फाटकाशी एकजण तंबाखू मळायला बाहेर गेला.
एक वजा, म्हटलं मी.
पलीकडून कोणी म्हटलं नाही.

रात्री दोन्ही पेपरांना मीच फोन केला.
दोन्हीकडे नवी पोरं.
दोन्हीकडे एकच प्रश्न, किती लोक होते?
सांगितलं.
हुबळीनं छापलं, हजारो. पुण्यानं दोन ओळी, आकडा नाहीच.

डायरी त्याच्या मुलानं मला दिली.
शेवटचं पान कोरं होतं.
पेन्सिलीला टोक काढून लिहिलं,
एकशे त्रेचाळीस.
लहान आहे आकडा,
खरं