मागचा डावा

माहितीपत्रकात लिहिलंय, खुर्ची मधोमध असावी.
खोली नऊ बाय अकरा,
त्यात एक कपाट आईचं, ते हलत नाही.
टेबल खिडकीला चिकटून,
खिडकीबाहेर वडगावातले अजून चालणारे तीन माग.
चौथा आमचा होता,
मागच्या दिवाळीआधी किलोवर गेला.

मी लग्नाच्या व्हिडिओंना आवाज बसवते.
सध्या नवरा निपाणीचा, नवरी गोकाकची.
हलगी, सनई, कानडी काका, मराठी मामी,
आणि अक्षता पडताना होते ती बारीक सर्र,
जी हेडफोनात सापडते आणि खोलीत हरवते.
म्हणून खडेबाजारातनं हप्त्यावर आणले
पाच डबे,
आणि सहावा, बोजड, जो टेबलाखाली पाय ठेवू देत नाही.

समोरचे दोन तीस अंशांवर.
मधला स्क्रीनखाली.
मागचे एकशेदहावर, कानापेक्षा वीतभर उंच.
कोनमापक हातात धरून मी खोलीभर फिरत होते
तेव्हा आप्पा दारात उभे, हातात सुताची कांडी.
टेप बाजूला ठेव, म्हणाले.
टेप दर खेपेला येगळा आकडा सांगतोय.
धागा एकच सांगतोय, पोचलं का नाय पोचलं.

खुर्चीच्या पाठीला, जिथं माझे कान येतात तिथं,
गाठ मारली. मग धागा ताणून फेर धरला.
समोरचे दोन पोचले.
मधला पुढं आला होता, ढकलला.
मागचा डावा नेमका दाराच्या पोकळीत येत होता,
तो चौकटीवर टांगला, तोरणाशेजारी.
मागच्या उजव्याला सामाईक भिंत.
दुसऱ्या ठोक्याला पलीकडनं गौरव्वा:
येन नडदैती री?
स्पीकर री, सण्ण स्पीकर.
थोडा वेळ काही नाही, मग तिचं मराठी:
खिळा हिकडं आला तर माझं कॅलेंडर त्यालाच लावते बघ.

लावलं लग्न.
हलगी आली, पण पोट नसलेली.
सनई एकीकडनं यायची आणि मध्येच
कुठंतरी विरघळायची, माझ्या मानेमागं.
वायरी पाहिल्या, सेटिंग पाहिलं, दोनदा बंद करून चालू केलं.
आप्पांना काय विचारणार?
चाळीस वर्षं धोट्यानं त्यांचे बारीक आवाज खाल्ले,
आधी चिमण्या, मग कुकरची शिट्टी,
आता माझी हाकही अर्धीच पोचते.

त्यांनी कांडीतनं हातभर सूत तोडलं,
पहिल्या डब्याच्या जाळीपुढं लोंबतं धरलं.
मला कळलं. मी त्याच्या वायरी सोडवल्या,
घड्याळातला सेल काढून दोन टोकांना टेकवला.
टप्प.
धागा बाहेर उडाला.
दुसरा, टप्प, बाहेर. मधला, बाहेर. उजवा, बाहेर.
मागच्या डाव्यासमोर धागा
आत गेला,
कुणी श्वास घेतल्यासारखा.

ह्यो उलटा चाललाय, आप्पा म्हणाले,
जसं तुटलेला ताणा दाखवायचे मला लहानपणी,
न रागावता.
लाल होती तिथं काळी, काळी होती तिथं लाल.
मीच घातली होती, स्टुलावर चढून, घाईत.

मग त्यांना खुर्चीत बसवलं.
अक्षता पडल्या, चारी बाजूंनी,
त्यांना नसतील आल्या.
सहाव्यावर त्यांनी तळपाय ठेवला,
हलगी तिथनं वर चढत असावी,
कारण गुडघा हलायला लागला.

लग्न संपलं. मी आवाज बंद केला.
आप्पांचा गुडघा हलतच होता.
ह्यो कुठल्या डब्यातला गं? त्यांनी विचारलं.
खिडकीतला, आप्पा. मोठ्यानं सांगितलं,
जमखंड्यांचा माग सुरू झालाय.

उठताना मी खुर्चीचा धागा कापायला कात्री घेतली.
ऱ्हाऊ दे की, म्हणाले.
कपाट हललं कधी, तर लागंल.