एका हातची

घरगुती चक्की. एका हातची. वापर किरकोळ.
विकण्याचं कारण : जागेची अडचण.
हे मी लिहिलं रात्री अकरा वाजता
मारुती चौकातल्या त्याच खोलीत,
जिथं भिंतीवर छातीएवढ्या उंचीला
नदी एक रेघ ओढून गेली होती.
फोटो काढताना गुडघ्यावर बसलो,
रेघ चौकटीबाहेर राहील अशा बेतानं.
लाल दारावरनं मऊ फडकं फिरवलं,
कडेच्या पट्टीत अडकलेला जोंधळ्याचा एक दाणा
तेवढा राहू दिला.
वापरातली वाटावी म्हणून.

खोटं म्हणावं असं त्यात एकही वाक्य नव्हतं.
हात एकच. नदीला कुठं हात असतात.
जागेची अडचण तर होतीच.

सहा हजार सांगितले, पाच हजार दोनशेला सुटली.
संख गावच्या महानंदा बिराजदार.
जतकडं रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत
त्यांच्या भावानं ती उभी बांधून नेली.
इथं चालवून दाखवली तेव्हा चालली
हे मी नंतर अकरा वेळा लिहिलं.

नवव्या दिवशी फोनवर नुसता आवाज आला.
आधी गुणगुण, मग खरखर, मग काहीच नाही,
मग मागून बाई : "ऐकलासा?"

मी लिहिलं, धान्य जास्त टाकलं असेल.
मी लिहिलं, तुमच्याकडं व्होल्टेज कमी.
जुन्या मालाला गॅरंटी नसते, बघून घ्यायचं असतं.
आणि शेवटी, जरा चिडूनच :
पाणी पाडलं असेल तुम्ही तिच्यावर.

दोन निळ्या खुणा. बराच वेळ काही नाही.
मग : "आमच्यात प्यायला टँकर येतोय दादा.
चक्कीवर पाडायला कुठनं आणू?"

खाली फोटो. मोटरीचं झाकण उघडं,
शेजारी स्टीलच्या वाटीत
तिच्या पोटातनं निघालेला गाळ.
काळा, मऊ, चमकणारा.
ओळखीचा.
यालाच मी आठवडाभर खराट्यानं
उंबऱ्याबाहेर ढकलत होतो.

मी त्यांना ब्लॉक केलं.

मंगळवारी त्या दारात उभ्या. पहाटेची एसटी धरून,
पोत्यात बांधलेली मोटर काखेत मुलासारखी.
पत्ता कुणी दिला?
"टेम्पोवाल्याला ठाव हुता."
माझी वाक्यं तयार होती, क्रमानं लावलेली.
त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या.
नव्या रंगातनं रेघ पुन्हा वर आली होती.
तिच्यावरनं त्यांनी बोट चालवत नेलं,
कॅलेंडरच्या मागनं, स्विचबोर्डापर्यंत.
"इथवर?"
"इथवर."
"मग एवढं लिवायचं हुतं की.
दोन हजार कमी करून घेतली असती मी.
मोटर आधी भरून घेतली असती, मग चालवली असती."

मला सांगायचं होतं माझं काय काय गेलं.
सांगितलंही. फ्रीज, गाद्या,
मुलीची दहावीची पुस्तकं, जी फुगून उघडेनात.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
"ते खरं," म्हणाल्या, "पण ते माझ्या पैशात
कशाला बसवताय?"

पिशवीतनं तीच वाटी काढून टेबलावर ठेवली.
गाळ वाळून भेगाळला होता.
"वाटी माझी हाय. रिकामी करून द्या."

मी ती घेऊन मोरीपर्यंत गेलो, परत आलो,
शेवटी कोथिंबिरीच्या कुंडीत उपडी केली
आणि वाटी घासून, पुसून दिली.

मग दोघं रिक्षानं कोल्हापूर रोडला,
मोटरी भरणाऱ्या नदाफकडं.
रिक्षाचं भाडं कुणी द्यायचं यावरनं पुन्हा वाजलं.
नदाफनं झाकण काढलं,
तांब्याच्या तारेजवळ नाक नेलं.
"पाण्यात होती काय?"
आता मात्र बाई माझ्याकडंच बघत होत्या.
"होती," मी म्हणालो.
"किती दिवस?"
"चार."
त्यानं पावतीवर तसंच लिहिलं.