सतराचा पाना

गणपत गल्लीतल्या दुकानात
सतराचा पाना हातात घेतला.
वजनाला हलका, चकचक जास्त.
खोक्यावर लांबच्या देशाचं नाव,
बारीक अक्षरात.

उद्यमबागेत आमचा हॅमर पडायचा
तेव्हा शेडमागच्या चहावाल्याच्या बरण्या वाजायच्या.
आता तिथं मांडवाचे खांब ठेवतात.

पाट्यांच्या भाषेवरनं
गावात अजून काचा फुटतात.
कंपनी समुद्रापलीकडं गेली
तेव्हा एकच कागद आला,
इंग्रजीत.
जोतिबा मुचंडीकरनं तो उजेडाकडं
मागनं धरला
(डाय खोदून खोदून
उलटी अक्षरंच सरळ दिसायची त्याला)
आणि म्हणाला, कळ्ळं.

सतराची डाय त्याचीच.
छिन्नी एकदाच सटकली होती,
मुलगी दवाखान्यात होती त्या दिवशी.
साताचा पाय जरा बाहेर गेला.
साहेबांना दिसला नाही,
मापात बसत होता.
पुढं डाया पेटीत भरून गेल्या,
खिळे आम्हीच मारले.

ट्यूबलाइटखाली पाना तिरका केला.

साताचा पाय
जरा बाहेर.

"तगोरी, ओरिजिनल हाय,"
दुकानदार म्हणाला.
"हौद्री," मी म्हटलं,
"ओळखतो की."