पायऱ्या वापरा

वाल्पारायसोच्या एका टेकडीवर,
डबा ओढणाऱ्या चाकाच्या खोलीत,
ग्रीसच्या पिंपामागे
एदुविनाला सापडली तीन पिल्लं.
त्यांची आई बंदराच्या रस्त्यावर
ट्रकखाली गेली होती, परवाच.

डोळे नुकते उघडलेले,
निळे, काहीच न बघणारे.
तिघं मिळून एका पावाएवढी.
आणि केसांच्या मुळाशी
काहीतरी चालत होतं.

तिनं पांढरं फडकं ओलं केलं,
पाठीवरची एक काळी कणी त्यावर टेकवली.
कणीभोवती तांबूस वर्तुळ पसरलं.
पिसवांनी पिऊन टाकलेलं,
ह्यांचंच.

ओनोफ्रे आला वरच्या गल्लीतून,
खिशात कुत्र्याच्या औषधाची कुपी.
"मानेवर एक थेंब.
सकाळी एक जरी पिसू दिसली तर नाव बदलेन."
"ठेव ती खिशात," एदुविना म्हणाली.
तो हसला. ती हसली नाही.

अकरा वर्षांपूर्वी असाच एक थेंब
तिनं स्वतःच्या बोटानं चोळला होता
एका करड्या पिल्लाच्या मानेवर, लाडानं.
रात्रभर ते थरथरत होतं.
पहाटे थरथर थांबली,
आणि तिला वाटलं, बरं झालं, झोपलं.
हे ओनोफ्रेला माहीत नाही.
कुणालाच नाही.

आधी ऊब.
गरम पाण्याची बाटली मोज्यात,
मोजा टोपलीच्या एकाच कोपऱ्यात,
उकडलं तर सरकायला जागा हवी.
गार पिल्लाला ना दूध, ना अंघोळ.
डबा खाली न्यायचा, वर आणायचा,
सुटे पैसे मोजून द्यायचे,
आणि परत येऊन पोटाला हात लावून बघायचा.
संध्याकाळी पोटं कोमट लागली.

शेवटची फेरी झाली. वाडग्यात पाणी,
मनगटाला कळणारही नाही इतकंच ऊन,
भांड्यांच्या साबणाचा एक ठिपका.
पहिल्यांदा मानेभोवती फेसाचं कडं,
नाहीतर पाणी लागताच पिसवा वर पळतात,
कानात, डोळ्यांच्या कडेला.
डोकं कोरडं.
मरो ती घाई, डोकं कोरडं.

फणी उवांची, मुलीच्या शाळेतली.
मुलगी आता अंतोफागास्ताला, खाणीत क्रेन चालवते,
फणी इथंच राहिली.
प्रत्येक ओढीला दोन, तीन,
साबणाच्या पाण्यात बुडवत गेली ती.
सदतीसपर्यंत मोजल्या,
मग मोजणंच सोडून दिलं.
एक झालं की लगेच टॉवेलात, छातीशी,
कोरडं होईतो पुसत राहायचं,
मगच दुसरं.
जुनी फडकी उकळत्या पाण्यात.
खिडकीबाहेर जहाजांचे दिवे,
ते तिनं त्या रात्री पाहिलेच नाहीत.

दोघं प्यायली, पालथी पडून, पंजे चालवत.
तिसऱ्यानं तोंड उघडलं
आणि तसंच ठेवलं.
हिरड्या पांढऱ्या,
तिच्या गणवेशाच्या बटणांसारख्या.

एकोणीस वर्षांत ज्या दाराला
सकाळी सात वाजता कुलूप दिसलं नव्हतं
तिथं तिनं पुठ्ठा लावला:
मांजर आजारी. पायऱ्या वापरा.
पायऱ्या एकशे बासष्ट.
लोक शिव्या देत चढले,
शाळेची पोरं मात्र खूश.
ओनोफ्रे पुठ्ठ्यासमोर जरा वेळ उभा राहिला,
मग काही न बोलता
उरलेल्या दोघांच्या टोपलीपाशी जाऊन बसला.
कुपी त्याच्याच खिशात होती.

डॉक्टरीणबाईंचं दार अजून बंद.
एदुविना पायरीवर,
शर्टाच्या आत ते पिल्लू,
श्वास इतका हलका
की तिला स्वतःचा रोखून तो ऐकावा लागे.

अचानक पोटाशी काहीतरी चावलं.
एक राहिलीच होती तर.
तिनं हात नेला नाही.
घे, ती म्हणाली,
माझं घे.
इथं भरपूर आहे.