टेलस्टॉक मागे सरतो

जैतापुरात, खाडीच्या अंगाला, आमच्या पडवीत
एक लेथ आहे, जेवायच्या पाटाहून वीतभर लांब.
फंडाच्या पैशातून घेतला.
इंदू त्याला अजून शिवणयंत्रच म्हणते.

मंगळवारी सकाळी अमजद सोलकर
लाँचच्या पंपाचा बुश घेऊन आला,
आतून झिजून अंड्यासारखा झालेला.
रात्रीच्या भरतीला निघायचंय, म्हणाला,
आणि पायरीवर बसून राहिला.

गनमेटलचा तुकडा धरला, ड्रिल टेकवला,
टेलस्टॉक मागे सरला.
नट आवळला. पुन्हा सरला.
केसभरच. पण बुशात केसभर म्हणजे
समुद्रात बादलीभर पाणी.

नट बेडच्या पोटाखाली.
कीस काढायचा, सैल करा.
परत शिरायचं, आवळा.
दर वेळी सतरा नंबरचा पाना,
दर वेळी त्याच बोटाचं सालटं.

डेपोत विसू मेस्त्री सांगायचे,
गाढवासारखा आवळू नको रे,
आधी बघ, टेकलंय कुठे.

तेव्हा खालची पट्टी सोडवली.
कपड्यांची नीळ खोबरेलात कालवून
बेडला आतून बोटानं पुसट फासली,
पट्टी दाबून घासली, उलटी केली:
दोन ठिपके. तेही एकाच कोपऱ्यात.
सहा वर्षं एवढं धूड
दोन ठिपक्यांच्या भरवशावर.

कानस. नीळ. कानस. नीळ.
दोनाचे सात झाले.
तिसाच्या पुढे मोजणं सोडलं.
(आतून आवाज: नीळ कुणी नेली?)

मग नटाच्या जागी कॅम.
जुन्या शाफ्टचा तुकडा चार जबड्यांच्या चकात
पाऊण मिलिमीटर बाजूला धरून कातला.
बोल्टच्या डोळ्याला भोक पाडायचं
तर टेलस्टॉक हवाच, तोच दुखणाईत.
त्याच्या पाठीशी शिवणीची पाचर ठोकली
आणि त्याच्याचकडून
त्याचं औषध कुटून घेतलं.

पट्टीखाली बॉलपेनची स्प्रिंग बसवली,
सैल केल्यावर ती तिरकी लोंबू नये म्हणून.
ती चिरडली. दुसरी, टॉर्चमधली, टिकली.
मूठ अमजदनं दिली,
मोडक्या वल्ह्याचं टोक, हातांनी गुळगुळीत झालेलं.
कुणाच्या, ते त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

दिवेलागणीला बेडवर
टेलस्टॉकला लागून पेन्सिलीची रेघ ओढली.
दांडा पाव फेरा फिरवला. टक्.
ड्रिल बुशात पार गेला,
दुधासारखा पांढरा धूर, तेलाचा वास,
आणि रेघ होती तिथे.
अमजद वाकून बघत राहिला
जणू रेघच न्यायला आला होता.

साडेदहाला लाँच गेली. आवाज
मुसाकाजीच्या वळणापर्यंत ऐकला,
पंप सुरळीत होता की मला तसा वाटला,
कळायला मार्ग नाही.

सकाळी बघतो तर बेडवर
खारी हवा फिरून गेलेली,
सगळीकडे तांबूस बुरशी,
रेघेवरसुद्धा.
आनंदात उंडेल लावायचं विसरलो होतो.
चिंधी घेऊन बसलो.