ट्रिपांची वही

तांबड्या धुळीला मी सात वर्षं दोष दिला.
सोपं होतं. धूळ दिसायची,
सावर्ड्याच्या रस्त्यावर, केळीच्या पानांवर,
वाळत घातलेल्या सोलांवर,
देवळाबाहेर काढलेल्या चपलांवरसुद्धा.
प्रचिता खोकली की मी खिडकी लावायचो
आणि खाणवाल्यांना एक शिवी हासडायचो,
जणू माझा स्वतःचा ट्रक
दिवसाला सहा ट्रिपा
गुलाबपाणी वाहत होता.

मग खाणी बंद पडल्या.
ट्रक अंगणात उभा राहिला, टायर बसले,
कोंबडीने बॉनेटखाली अंडी घातली.
केळी हिरव्या झाल्या, इतक्या
की सुकांतीला आपल्याच वाटेनात.
पोरीची छाती मात्र
रात्री दोनला वाजायचीच,
दाराच्या फटीत वारा अडकावा तशी,
आणि पोदेराचा भोंगा ऐकू येईपर्यंत
आम्ही तिघं जागे.

कुडचड्याच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
"घरात कोण ओढतं?"
"घरात कुणी नाही," मी म्हटलं. खरंच होतं.
मी ट्रकात बसून ओढायचो,
काचा वर करून,
धूर घरात जाऊ नये म्हणून.
मला त्याचा थोडा अभिमानच होता.

बाई काही बोलल्या नाहीत.
प्रचिताच बोलली, तोंडावरचा मास्क सरकवून:
"पप्पाच्या शर्टाला येतो वास.
मला दम लागला की पप्पा मला छातीशी धरतो ना,
तेव्हा."

येताना स्कूटरवर ती मागे होती,
गाल माझ्या पाठीला लावून.
पुलाच्या चढावर मी म्हटलं, "जरा मागे सरक."
"पडेन ना," ती म्हणाली.

सोडणं म्हणजे काय, ते कुणी सांगितलं नव्हतं.
पहिले चार दिवस बडीशेप चावली, लवंगा चावल्या,
तिची एक पेन्सिलही.
हुमणात मीठ कमी म्हणून सुकांतीवर ओरडलो.
मीठ ठीक होतं.
अकराव्या दिवशी मासळी बाजारात रुजारियो भेटला.
त्याचाही ट्रक उभा, बँकेचे हप्ते थकलेले.
त्याने विडी पेटवून पुढे केली.
अर्धी ओढून टाकली, असं मी सांगतो.
पूर्ण ओढली.
त्या रात्री विहिरीवर शर्ट काढून
चार कळश्या अंगावर ओतल्या
आणि मगच तिच्याजवळ गेलो.
ती जागी होती.
"एवढ्या रात्री आंघोळ?" म्हणाली, आणि कूस बदलली.

मग एका रविवारी ट्रकाची केबिन धुवायला घेतली.
रेक्झिन घासलं, छत घासलं, काचा.
फडक्यातून पाणी उतरलं, म्हटलं खनिज असेल.
खनिज तांबडं असतं.
हे पिवळं होतं.

बाईंनी फुंकर मोजायची नळी दिली आहे,
तिच्यावर एक लाल काटा सरकतो.
नवी वही आणली नाही.
ट्रिपांचीच होती, निम्मी कोरी.
जिथे ट्रिपा सहा, डिझेल चाळीस लिहायचो
त्याच रकान्यांत आता
सकाळ एकशे साठ, रात्र एकशे पन्नास.
सकाळ एकशे सत्तर.
चवथीची दोन पानं वाईट आहेत, शेजाऱ्यांचे फटाके.
नंतर पुन्हा हळूहळू, भरलेला ट्रक घाट चढतो तसं.

काल एकशे नव्वद.
तिने नळी पुसून माझ्यापुढे धरली. "आता तू."
मी फुंकलं.
काटा गेला, थांबला, आणि मला असा खोकला आला
की अंगणातली कोंबडी उडाली.
ती वाकून आकडा बघत होती.
"मोठ्या माणसाचा कितीवर जातो, पप्पा?"
मी सांगितलं नाही.

तिने वही ओढून घेतली
आणि माझ्या नावाचा रकाना आखला,
पट्टी न घेता,
वाकडा.