बुटांच्या उंचीवरून

चिआतुराच्या थिएटरात
माझी जागा रंगमंचाच्या पोटात;
डोकं तेवढं फळ्यांच्या वर, हातात संहिता.
एकोणीस हिवाळे हे नाटक मी
घोट्यांपर्यंतच पाहिलंय.

बाप म्हणजे काळे बूट.
टाचेला नाल, डाव्या तळव्यात पुठ्ठा.
ते वाजत आले की
पोरांचे पाय आपोआप एका रेषेत.
थोरल्याचा अंगठा मोज्याच्या भोकातून डोकावतो
आणि लगेच आत ओढला जातो.
धाकटा अनवाणी. त्याला अजून भीती नीट पाठ नाही.
मधलीच्या लाल सपाता.
चार नट्या झाल्या त्या सपातांत;
पाचवी नुत्सा, पावलाने लहान,
पुढे वर्तमानपत्राचा बोळा कोंबते.

तिसऱ्या अंकात ती दाराशी म्हणते,
बाबा, मी बटुमीला चालले, बोटीवर काम मिळालंय.
बुटांनी तेव्हा एक पाऊल पुढे यायचं
आणि म्हणायचं:
गेलीस तर मेलीस.

त्या रात्री वीज नव्हती.
मेणबत्त्या, आणि कोट न काढता बसलेली
सत्तावीस माणसं.
बूट पुढे आले.
थांबले.
जुंबेर, ज्याला ताप असतानाही
मी अख्खा दुसरा अंक भरवला होता,
गप्प.
बुटाचं टोक हळूच माझ्याकडे वळलं.

तीनच शब्द. बोट त्यांच्यावरच होतं माझं.
झेस्ताफोनीला आमच्या अंगणात
माझ्या बापाने ते न अडखळता म्हटले होते,
कुणी सांगावं लागलं नव्हतं.
माझ्या तोंडून फुटेनात.

कुणीतरी खोकलं.
विंगेतून दिग्दर्शकाची दबकी शिवी.
मग वरून, संहितेत कुठेच नसलेला,
घसा न खाकरता आलेला आवाज:
स्वेटर घेतलास का?

लाल सपाता गोंधळल्या.
जोर लावून ढकलायला जावं
आणि दार उघडंच असावं, तशा.
"हो," नुत्सा म्हणाली. हेही कुठे लिहिलेलं नव्हतं.
आणि गेली; घाईत एका सपातेतून बोळा निसटला,
घरंगळत माझ्या हनुवटीशी आला.

माझा अर्ध्या दिवसाचा पगार कापला.
दुसऱ्या दिवशी वीज होती.
जुंबेरने वाक्य खणखणीत म्हटलं,
नाल वाजली, मागच्या रांगेतल्या बाईने
नेहमीसारखा उसासा टाकला.

समासात मी पेन्सिलीने
"स्वेटर" लिहून ठेवलंय. त्याने विचारलेलं नाही.
बोळा नुत्साला परत दिला.
तिला लागतो.